पात्याचं पाणी

आई, काल पुण्याहून एका मुलाचा फोन आला होता. आमच्याकडून नेलेला चाकू काळा पडला, अशी तक्रार होती. डोंगरात मुक्कामाला गेला होता. तिथे त्यानं त्याच चाकूनं लाकूड तासलं, कांदा चिरला, लिंबं कापली आणि न पुसता तसाच म्यानात घातला. "ताई, गंज धरला हो त्याला." घरातलं कुणी आजारी पडावं तसा आवाज. मी म्हटलं, "गंज नाही तो. हे स्टेनलेस नाही, हाय कार्बन आहे. जे कापशील त्याचा डाग धरणार. पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरव आणि वापरत राहा." "म्हणजे हे असंच राहणार?" "असंच कशाला, अजून काळं होणार." फोन ठेवला आणि तुझ्या चुलीपाशी असायचं ते पातं डोळ्यांपुढे आलं. निळसर काळं, ओल्या पाटीसारखं. एकदा तुला खूश करायला म्हणून मी ते राखेनं घासघासून पांढरं करत बसले होते, तर तू हातातून हिसकावून घेतलंस. "आगं, कातडं काढतीस व्हय त्याचं?" म्हणालीस. मला वाटलं होतं, लोखंडाला कुठलं आलंय कातडं. आता मी लोकांना फोनवर तेच सांगत असते, फक्त जरा शहरी शब्दांत.

तुला माहीत नाही, पण मीही आता पातीच करते. बारामतीत, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तुझे जावई औद्योगिक वसाहतीत लेथवर होते. ते काम सुटलं तेव्हा आम्ही दोघांनी हे सुरू केलं. पातं घासून आकाराला आणणं आणि मूठ बसवणं त्यांच्याकडे, तापवणं आणि पाणी देणं माझ्याकडे. इंदापूरला हायवेच्या कडेला गॅरेजांमागे पडलेले ट्रकचे तुटके कमानपाटे आपण वेचून आणायचो. तू एकेक हातात तोलून, दगडावर वाजवून सांगायचीस, हा घ्या, हा नको. आता पोलादाच्या पट्ट्या कागदासह येतात आणि कार्बन किती ते कागदावरच असतं. भट्टी विजेची आहे, आतली आच आकड्यांत दाखवते. घेणारे म्हणजे डोंगर चढणारी मुलं, जंगलात नोकरी करणारी माणसं, भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला येणारे, आणि थोडे आपले जुनेच, मेंढरं राखणारे. काम मात्र तेच राहिलंय. दोर कापायचा, फांदी तोडायची, खुरातला काटा काढायचा, भाकरीबरोबरचा कांदा चिरायचा आणि पातं पुन्हा कमरेला.

तुझी नात पुण्याला चित्रकला शिकते. प्रत्येक चाकूच्या खोक्यात एक छोटं कार्ड टाकायचं तिनं मनावर घेतलंय. परवा घरी आली तेव्हा म्हणाली, "मम्मी, आजोबांचा तो फेट्यातला फोटो टाकूया, सांडशी धरलेला. लोकांना असलं फार आवडतं. आणि खाली लिहू, आप्पांचं पाणी." तिचं काही चुकलं नाही. अजूनही सणसरकडे कुठे लग्नाकार्याला गेलं की म्हातारी माणसं मला तशीच ओळखतात. "तू इंदापूरच्या आप्पाची ल्येक न्हवं? काय पानी द्यायचा गडी!" मी मान हलवते. पण मुलीला मी म्हटलं, थांब जरा. कारण ते पाणी एकट्या आप्पांचं नव्हतं, आणि हे तोवर माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. सांगावं तर तू जन्मभर झाकून ठेवलेलं मी उघडं करणार. न सांगावं तर त्या पात्यांमधून तू पुसली जाणार. तुझ्याशी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येईना, म्हणून लिहायला बसले.

तुला घण मारताना ज्यानं पाहिलं नाही त्याला ते कसं सांगू? आप्पा ऐरणीच्या एका बाजूला बसलेले, एका हातात सांडशीत धरलेला लालभडक पाटा, दुसऱ्या हातात छोटी हातोडी. समोर तू उभी. पदर कमरेला खोचलेला, पाय रोवलेले. घण तुझ्या पाठीमागून वर येतो, वर गेल्यावर जरा थांबल्यासारखा होतो, जणू त्याला वजनच नाही, आणि आप्पांची हातोडी जिथे टिचकी मारून गेली नेमका तिथे उतरतो. हातोडीचा बारीक आवाज, घणाचा भरीव. बारीक, भरीव, बारीक, भरीव. शेजारच्या गॅरेजातली पोरं हातातले पाने तसेच धरून बघत राहायची. कुणीतरी टोमणा मारायचंच. "आवो, मालक बसून आन् मालकीण हुबी, ह्ये कसलं काम?" तू घण न थांबवता म्हणायचीस, "बसून मारून दावा, म्हंजी म्या बी बसते." मी दारात अंकलिपी घेऊन बसलेली असायची आणि मला वाटायचं, माझ्या आईएवढं उंच जगात कुणी नसेल. खरं म्हणजे तू आप्पांच्या खांद्याला लागायचीस.

आपल्यात घण बाईनं मारायचा, पाणी मात्र पुरुषानं द्यायचं. तापलेलं पातं पाण्यात बुडवायच्या वेळी सांडशी बाईच्या हातात जाऊ द्यायची नाही, अशी रीतच होती. तेव्हा तू घण ठेवून भात्यावर बसायचीस. पाणी देणं म्हणजे काय, हे मी आता शिकायला येणाऱ्यांना सांगते तेव्हा तुझेच शब्द वापरते. पातं निखाऱ्यात तापत जातं, काळ्याचं विटकरी, विटकरीचं डाळिंबाच्या दाण्यासारखं. दाण्याचा रंग दिसला की नुसती धार पाण्यात घालायची. त्याच्या अलीकडे घातलं तर पातं मऊ राहतं, झेंडूच्या रंगावर जाऊ दिलं तर तडकतं. मग बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं भराभर घासायचं आणि बघत राहायचं. पात्याच्या पाठीत उरलेली ऊब धारेकडे सरकते आणि उजळलेल्या पोलादावर रंग चालू लागतात. आधी कडब्यासारखा पिवळा, मग गुळासारखा, मग वांग्याचा जांभळा, मग मोराच्या मानेचा निळा. चाकूला गुळावर थांबवायचं, कोयत्याला वांग्यावर. थांबवायचं म्हणजे अख्खं पातं पाण्यात. आई, विजेच्या भट्टीला ही उठाठेव लागत नाही. तरी एखादं पातं मी मुद्दाम तुझ्या रीतीनं करते आणि ते रंग चालू लागले की अजून मी बघतच राहते. मळकट, करडा लोखंडाचा तुकडा, आणि त्याच्या अंगावरून कडबा, गूळ, वांगं, मोर चालत जातात.

आणि आपल्या घरचा तो चहा. तू भात्यावर बसलेली, गिऱ्हाईक दारात, आप्पांनी पातं निखाऱ्यात धरलेलं, आणि मधेच तू विचारायचीस, "चहा टाकू का?" गिऱ्हाईक "टाका की" म्हणेपर्यंत आप्पांनी धार पाण्यात घातलेली असायची. मग विटेनं घासणं चालू, आणि जरा वेळानं तू म्हणायचीस, "दूध हाय का बगते." आप्पा पातं पुरतं बुडवायचे. चहा काही यायचा नाही. गावात त्याचं हसं झालं होतं. "आप्पाच्या हितं चहा इचारत्यात लई झ्याक, देत मातुर न्हाईत." तूही त्यांच्याबरोबर हसायचीस, "आवो, म्हस आटलीया, काय करू!" आपल्याकडे म्हैस नव्हतीच. मला शाळेत तोंड दाखवायची लाज वाटायची. वाटायचं, आई मनानं चांगली आहे, पण विसरभोळी आहे.

मी सातवीत असताना मामीचं बाळंतपण आलं आणि तू भिगवणला गेलीस. जाताना दारातून आप्पांना म्हणालीस, "मी येईस्तोवर पानी कशाला देऊ नगा." आप्पा "व्हय" म्हणाले. घर बघायला सणसरहून आत्या आली होती. आणि नेमके तात्या आले. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरणारे ते म्हातारे तात्या, जाताना आपल्याकडून पातं घेतल्याशिवाय कधी गेले नाहीत. त्यांचं पातं घडवून, घासून तयार होतं, पाणी तेवढं राहिलं होतं. "मेंढरं म्होरं निघाल्यात आप्पा. तेवढं पानी द्या की मी चाललो." आप्पांना नाही म्हणायला कारण सुचेना. त्यांनी पातं निखाऱ्यात घातलं. भात्यावर आत्या. दारात पाहुणा बसलाय, त्याला विचारायला नको का, म्हणून तिनं आपलं साधेपणानं विचारलं, "तात्या, चहा टाकू का?" आणि आप्पांचा हात उठला. धार पाण्यात.

पाणी ओरडलंच नाही, नुसतं फुसकन झालं. पातं अजून विटकरी होतं, ते मलाही दिसत होतं. आप्पांनी कानस लावून पाहिली, तर भराभरा कीस निघाला. "परत तापवाया लागंल," ते म्हणाले. आत्या चहा करायला आत गेली आणि भात्यावर मी बसले. आप्पांनी पातं पुन्हा निखाऱ्यात धरलं आणि तोंड माझ्याकडे केलं. कशाची तरी वाट बघत होते. मला काही कळेना, मी भाता हलवत राहिले. पात्याच्या टोकातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या तरी ते थांबलेलेच. मग एकदम घाईनं त्यांनी ते पाण्यात घातलं आणि टिच् असा आवाज झाला. बारीक, बांगडी पिचावी तसा. पातं आडवं तडकलं होतं.

आत्यानं चहा आणून तात्यांना दिला. तात्यांनी तो बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "च्यायला, ह्या घरात चहा मिळतो म्हनायचा! इतकी वर्सं नुसताच इचार..." आणि तिथेच थांबले. त्यांनी आप्पांकडे पाहिलं, पाण्याच्या डोणीतल्या तडकलेल्या पात्याकडे पाहिलं, मग मी बसले होते त्या तुझ्या पाटाकडे. बशी तशीच हातात. तात्यांच्या तोंडाकडे बघता बघता मलाही कळलं. आप्पांना रंग दिसत नव्हता. भट्टीत बघून बघून त्यांच्या डोळ्यांतले रंग कधीच जळून गेले होते, आणि आजवर डाळिंबाचा दाणाही तूच बघत होतीस आणि गूळही तूच बघत होतीस. चारचौघांच्या देखत, चहाच्या नावानं, कुणाला पत्ता न लागू देता. मी विसरभोळी समजत होते ती बाई! भात्याची मूठ अजून माझ्या हातात होती.

त्याच्या मागोमाग भीती आली. तात्या इथून घाटापर्यंत रानोरान फिरणारे. ते नुसते कुठे सहज बोलले असते तरी आप्पांकडे पातं घेऊन कुणी आलं नसतं. तात्यांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली. "मालकीण कवा येनार?" "उद्या," आप्पा म्हणाले. "मंग उद्या येतो." "आन् मेंढरं?" "सून हाय मेंढरांबर. मी गाठीन."

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडपासून घरापर्यंत मी तुला सगळं सांगितलं. तू कपाळावर हात मारून घेशील, आत्याला बोल लावशील, असं मला वाटलेलं. तू फक्त विचारलंस, "टिच् वाजलं?" मी म्हटलं, हो. "मंग नवं घडवाया लागंल," म्हणालीस आणि पिशवी ठेवून पदर खोचलास. तात्या येऊन दारात बसले. तू आणि आप्पांनी त्यांच्यासमोर नवा पाटा घडवला. बारीक, भरीव. मग कानस झाली आणि पाण्याची वेळ आली. तू भात्यावर बसलीस, आप्पांनी पातं निखाऱ्यात घातलं. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. आता काय विचारणार? ज्याला कळलंय त्याच्यासमोर चहाचं नाव तरी कसं काढणार? तेवढ्यात तात्या उठले. घोंगडी उचलली, रस्त्याच्या बाजूला अंथरली आणि आपल्याकडे पाठ करून बसले.

"मालकीण," रस्त्यावरच्या ट्रककडे बघत ते म्हणाले, "माजी पाठ हाय. मला काय दिसत न्हाय. आन् चहा इचारू नगा, मी पिऊन आलोय."

तू उठतेस. आप्पा सांडशी तुझ्या हातात देतात आणि स्वतः जाऊन भात्यावर बसतात. मी हे आजही असंच बघते, समोर चालल्यासारखं. आधी तू एक तापलेला तुकडा डोणीत टाकतेस, थंडीच्या पाण्याचा गारठा मोडायला. मग पात्याकडे बघत उभी राहतेस. आप्पा भाता हलवतात, एकसारखा, जसा तू हलवायचीस. तुझ्या तोंडावर विटकरी उजेड आहे, मग तो लाल होतो. तू जराही हलत नाहीस. धार पाण्यात जाते आणि पाणी किंचाळतं. वाफेतून तू पातं वर काढतेस, वीट फिरवतेस आणि ते उजेडाकडे धरतेस. मला दिसतं. कडबा धारेकडे सरकतोय, त्याच्या मागून गूळ येतोय. तुझे ओठ हलतात, पण आवाज नाही. कदाचित दूध आहे का, हेच पुटपुटत असशील, सवयीनं. आणि पातं डोणीत उतरतं. तू सांडशी आप्पांच्या हातात परत देतेस, पदर सोडतेस, आणि मगच म्हणतेस, "तात्या, बगा."

तात्यांनी दारापुढच्या बाभळीची वाळकी फांदी एका घावात उडवली. मग त्याच धारेनं मनगटावरची लव काढून पाहिली. पातं कमरेला लावलं आणि आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आप्पा, झ्याक पानी दिलंसा." तुझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पुढे ते थकून फिरायचे थांबेपर्यंत दरवर्षी आले. आले की आपणहून घोंगडी रस्त्याच्या बाजूला अंथरायचे. कुठे एक शब्द बोलले नाहीत. बाकीच्यांसाठी चहा तसाच चालू राहिला.

एकदा भाकरी थापताना मी तुला विचारलं होतं. मोठी झाले होते, जरा रागही होता. "आई, तूच का देत नाहीस पाणी? सांगून टाक ना एकदा सगळ्यांना. रीत काय धरून बसायची?" तू भाकरी तव्यावर टाकलीस, पाण्याचा हात फिरवलास आणि म्हणालीस, "रीत गेली उडत. पर मंग त्यांनी काय करायचं?" इतकी वर्षं मला वाटत होतं, तू रीतीपुढे मान तुकवून भात्यावर बसतेस. तू आप्पांना त्यांच्या जागेवर बसवून ठेवलं होतंस, जशी घडवताना ते तुला घणाची जागा दाखवायचे. एका पात्यामागे चार हात होते आणि डोळे दोनच, हे मी तेव्हा शिकले. आजवर दुसरं इतकं मोठं काही शिकले असं मला वाटत नाही.

तू गेलीस आणि आप्पांनी भट्टी पुन्हा पेटवली नाही. लोक म्हणाले, बायकोच्या दुःखानं हात थांबला. ते खरंही होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला आप्पा एवढंच म्हणायचे, "आता जमत न्हाय." माझ्याकडे तोंड करायचे आणि मी दुसरं काहीतरी बोलायला लागायचे. त्यांनीही कधी सांगितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. आता आप्पाही नाहीत. मग मी कुणाचं झाकते आहे? तुझं, की त्यांचं, की आपल्या तिघांच्या त्या घराचं? कधी वाटतं, "मंग त्यांनी काय करायचं?" असं तू पुन्हा विचारशील, म्हणून गप्प बसावं. मग एखादी शिकायला आलेली मुलगी पातं हातात घेऊन विचारते, "ताई, बायका हे करायच्या का हो पूर्वी?" आणि तुझे पाय रोवलेले दिसतात.

परवा रात्री मुलीला मी सगळं सांगितलं. तिनं कार्डाचा कच्चा कागद पुढे ओढला. मग म्हणाली, "आजोबांच्या डोळ्यांचं नको लिहायला." मी म्हटलं, नाहीच लिहायचं. आम्ही फोटो काढून टाकला आणि दोनच वाक्यं ठेवली. माझे आई-वडील इंदापूरला एकाच भट्टीवर पाती घडवायचे. पाणी आई द्यायची. हे दुसरं वाक्य ठेवू की नको, ते तुला विचारायचं होतं.

पण आई, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. कार्डं आज सकाळीच छापायला गेली, दोन्ही वाक्यांसकट. तू नको म्हणशील या भीतीनं मी आधी ती पाठवली, आणि मग तुला लिहायला बसले.